नळाचं गाव

आमचा टीम लीड ऑनसाइट उरकून अमेरिकेहून आला आणि ऑफिसात गोल्फची साथ पसरली. विस्कॉन्सिनमधल्या कोहलर नावाच्या छोट्याशा गावात हा एक वीकेंड घालवून आलेला. कोहलर म्हणजे तेच हो, पॉश हॉटेलच्या बाथरूममध्ये नळांवर जे नाव कोरलेलं असतं ते! नळ आणि बेसिन बनवणाऱ्या कंपनीचं हे गाव. बाहेरदेशांतून आलेल्या कामगारांसाठी १९१८ मध्ये बांधलेली इमारत त्यांनी १९८१ मध्ये चक्क आलिशान हॉटेल करून टाकली. मग १९९८ मध्ये जवळच मिशिगन सरोवराच्या काठावर ‘व्हिसलिंग स्ट्रेट्स’ हे गोल्फ कोर्स उघडलं. जमीन सपाट होती, तर पीट डाय नावाच्या डिझायनरनं ट्रकच्या ट्रक माती ओतून तिथं टेकड्या उभ्या केल्या. २०२१ चा रायडर कप तिथंच झाला. दिवसभर गोल्फ, संध्याकाळी शेबॉयगनचे कोळशावर भाजलेले सॉसेज... लंच अवर संपायचा, साहेबांचं कोहलर संपायचं नाही.

‘‘टीम आउटिंगला असंच कुठंतरी जाऊ या यार. छोटं गाव, मस्त जेवण, मोकळी हवा!’’ त्यानं फर्मान काढलं. लोणावळ्याकडच्या रिसॉर्टचे रेट बघून एचआर गार पडलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘आमच्याकडे चला. आमचंही नळाचंच गाव आहे. नळदुर्ग.’’

आता एक कबुलीजबाब. पुण्यात सात वर्षं मी स्वतःला ‘सोलापूर साइडचा’ म्हणून खपवलंय. उस्मानाबाद म्हटलं (२०२३ पासून धाराशिव) की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे ‘अरेरे’ उमटतं ना, ते मला नको असायचं. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यानंतर तर विचारूच नका. ‘‘तुमच्याकडे लोक आंघोळ करतात का रे?’’ हा कॅन्टीनमधला पीजे मीही हसून साजरा केलाय. त्यामुळे आमंत्रण तर देऊन बसलो, पण रात्री झोप लागेना. सात माणसं, दोन दिवस, पाणी किती?

आईला फोन लावला. ती शांत. ‘‘येऊ दे की. नळ सोमवारी आलता, आता शुक्रवारी येईल. दोन टाक्या भरून ठिवते. फक्त त्यांना सांग, शावर-बिवर नाही, बादलीनं न्हावं लागंल.’’

पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर, तिथून हैदराबाद हायवेनं आणखी पंचेचाळीस-पन्नास. पहाटे निघालात तर जेवायच्या आत किल्ल्यावर. आणि जायचं तर पावसाळ्याच्या शेवटाला, तेही पाऊस बरा झाला असेल तर. आमच्या नशिबानं त्या वर्षी झाला होता.

गावात विचारलंत तर नळदुर्ग म्हणजे नळ-दमयंतीतल्या नळराजाचा किल्ला. ते असो. खरी कमाल आहे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली (त्याचं राज्य १५८० ते १६२७). बोरी नदीवर दगडी बंधारा घालून हा किल्ला समोरच्या रणमंडळाला जोडला, पाणी अडवलं, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात चक्क महाल काढला! पाणीमहाल. बंधारा भरला की वरून दोन धबधबे कोसळतात, नर आणि मादी. तुम्ही आत खोलीत उभे, खिडकीबाहेर पाण्याचा पडदा. आमच्या टीम लीडनं खिशातला फोन काढला, पुन्हा आत ठेवला, आणि पहिल्यांदाच पाचेक मिनिटं कोहलर म्हणाला नाही.

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’वाला मेडोज टेलर आठवतोय? १८५३ मध्ये निजामाचा हा मुलूख कंपनीकडे गेला, तेव्हा तो इथला अधिकारी होता. गोऱ्या साहेबाची चैन होती तर! आम्ही उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढताना जिमचं वार्षिक पॅकेज घेतलेल्या दोघांना धाप लागली, ही बातमी इथं फोडून ठेवतो.

आणि मग जेवण. उस्मानाबादी शेळी ही देशभर नाव असलेली जात. बहुतेक काळीभोर, कोरड्या हवेत झाडपाल्यावर निभावून नेणारी. तिच्या मटणाचा येसूर घालून केलेला लालकाळा रस्सा, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा बुक्कीनं फोडलेला. शाकाहारी मंडळींना हुलग्याचे शेंगोळे. टेस्टिंगवाल्या मॅडम रोज डब्यात सॅलड आणतात, त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. गोडाला कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे. भूम तालुक्यातल्या या खव्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. (डाएटवाल्यांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजू.)

संध्याकाळी टीम लीडनं गाडीतून गोल्फची काठी काढली. आमच्या पडीक रानात दोन-चार फटके हाणले. काका बांधावर बसून बघत होते.

‘‘इतका लांब मारायचा, आन मग आपणच हुडकायला जायचं?’’

‘‘हो काका, तोच खेळ आहे.’’ त्यानं फोनवर त्यांना कोहलरचे फोटो दाखवले. हिरवंगार, नजर जाईल तिथवर.

काकांनी चष्मा वर करून नीट बघितलं. ‘‘पाणी कोण देतं एवढ्या गवताला?’’

‘‘स्प्रिंकलर असतात.’’

‘‘बरं. आन कापलेलं गवत कुणाला घालतात?’’

टीम लीड माझ्याकडे बघायला लागला. मी शेळ्यांकडे.

‘‘कुणालाच नाही, काका.’’

काका काहीच बोलले नाहीत. फोन मात्र धोतराला पुसून परत दिला.

सकाळी आंघोळीचा नंबर लागला. माझा जीव टांगणीला. टीम लीड बाहेर आला तो हातात बादली घेऊन, अर्धी भरलेली. ‘‘काकू, हे उरलं. कुठं ओतू?’’

‘‘कढीपत्त्याला घाल बाळा.’’

सोमवारी ऑफिसात त्यानं खर्चाचा फॉर्म भरला. ‘ठिकाण’च्या रकान्यात, माझीच शिकवण, ‘सोलापूर साइड’. मी पेन मागून घेतलं, ते खोडलं आणि लिहिलं : नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. धाराशिव. अकाउंट्समधून अर्ध्या तासात फोन आला, हे नक्की कुठं आलं म्हणून. आता पुढच्या पावसाळ्यात तेही येतायत. आईला सांगितलंय, टाक्या तीन लागतील.