पाय पाहिजेत, माणूस नको

परवा आमच्या खोलीवर वाद झाला. एक मित्र, वाचणारा, चळवळीत पाचसहा वर्षं काढलेला, मोबाइलवर एक जुना तुकडा घेऊन आला. 'स्टॉर्मी वेदर', १९४३ चा अमेरिकन बोलपट. दोन काळे भाऊ, अंगात टेलकोट, बुटांच्या तळाला टॅपच्या धातूच्या पट्ट्या. वाजंत्र्यांमधून उड्या मारत येतात, पियानोवर चढून नाचतात. मग जिना. एक जण पायरीवर दोन्ही पाय फाकून सपाट बसतो. दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर तसाच पडतो. लगेच मागचा उठतो आणि ह्याच्या डोक्यावरून जातो. असा अख्खा जिना उतरतात. खोलीतले सगळे गप्प झाले.

मित्र म्हणाला, "बघा! ह्यांचा रंग कुठं आड आला? कलेला जात नसते. हुनर असलं की झालं."

मी विचारलं, "ह्यांची नावं काय?"

त्याला माहीत नव्हती. फ्रेड अस्टेअर माहीत होता. जीन केली माहीत होता. शर्ली टेम्पल तर त्याच्या आईलासुद्धा माहीत होती. ही दोघं मात्र "ते दोघं काळे".

फेयार्ड आणि हॅरॉल्ड निकोलस. लिहून घ्या. आणि नाव का माहीत नाही, ते मित्राच्या आळसावर ढकलू नका. त्याची सोय स्टुडिओंनी करून ठेवली होती. कशी, ते सांगतो.

आधी हा नाच आला कुठून ते बघू. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. ढोल बडवत, माणसं गोळा करत ते निघाले. बंड चिरडलं गेलं. १७४० साली तिथल्या मळेवाल्यांच्या सरकारनं कायदा केला: गुलामानं लिहायला शिकायचं नाही, जमाव करायचा नाही, ढोल आणि शिंग वाजवायचं नाही. मालक लोक येडे नव्हते. ढोल म्हणजे निरोप, हे त्यांना पक्कं कळलं होतं. हातातला ढोल गेला. टाळ्या, मांड्या आणि टाचा राहिल्या. ताल तिथं उतरला.

पुढे न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्ससारख्या घाणेरड्या वस्तीत काळे आणि आयर्लंडहून आलेले गरीब मजूर शेजारी शेजारी राहिले. आयरिश जिग आणि आफ्रिकेचा ताल ह्यांची तिथं गाठ पडली. १८४२ साली चार्ल्स डिकन्सनं ह्या वस्तीत एका काळ्या पोराला नाचताना पाहिलं आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याच्यावर लिहिलं. तो पोरगा म्हणजे विल्यम हेन्री लेन, ऊर्फ मास्टर जुबा, असं मानतात.

त्याच सुमारास गोऱ्यांनी दुसरा धंदा काढला. १८३० च्या आसपास थॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटानं जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासली, फाटके कपडे घातले आणि 'जिम क्रो' नावाचा काळा रंगवून थेटरं भरवली. ह्यातूनच मिन्स्ट्रेल शोचा धंदा फोफावला. काळा म्हणजे आळशी, दात काढणारा, मालकावर जीव टाकणारा. नंतर काळ्यांना रंगमंचावर पाय ठेवायला मिळाला तेव्हा त्यांनीही काजळी फासावी लागली. बर्ट विल्यम्ससारखा मोठा नट. काळाच माणूस, तरी वरून काजळी. आणि दक्षिणेतले वेगळे डबे, वेगळ्या शाळा, पाण्याचे वेगळे नळ ठरवणारे जे कायदे आले त्यांना नाव काय पडलं? जिम क्रो. नकलेचं नाव कायद्याला चिकटलं. "करमणूक ही फक्त करमणूक असते" म्हणणाऱ्यांनी एवढं एकच ध्यानात ठेवलं तरी पुरे.

१९२७ च्या 'द जॅझ सिंगर'नं बोलपटाचं युग आणलं. त्यात अल जोल्सन काजळी फासून गातो. हॉलिवूडला कंठ फुटला तो असा.

आता बिल रॉबिन्सन, ऊर्फ बोजँगल्स. १८७८ चा जन्म, व्हर्जिनियातलं रिचमंड गाव. जिन्यावरचा टॅप ही त्याची रंगमंचावरची ओळख. १९३५ च्या 'द लिटल कर्नल'मध्ये तो तोच नाच शर्ली टेम्पलबरोबर करतो. हॉलिवूडच्या पडद्यावर काळ्या-गोऱ्यांनी जोडीनं नाचण्याची ही पहिली वेळ मानतात. पण जोडी कोणाची, ते बघा. १९३४ पासून कडक झालेल्या स्टुडिओंच्या नियमावलीत काळ्या-गोऱ्यांचे संबंध पडद्यावर दाखवायला बंदी होती. म्हणून काळ्या पुरुषाबरोबर गोरी बाई नाही. सहा वर्षांची पोरगी. आणि काळा पुरुष कोण? कर्नलच्या वाड्यातला नोकर. त्या दोघांनी हात धरलेले. तर दक्षिणेत दाखवताना तेवढा तुकडा कापला गेला. छप्पन्न वर्षांचा म्हातारा आणि दुधाचे दात असलेली पोर, त्यांच्या हाताचासुद्धा विटाळ! विटाळ काय असतो हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षीचा 'द लिटलेस्ट रेबेल' त्याच्याही वर. तिथं रॉबिन्सन गुलाम आहे, यादवी युद्ध चालू आहे. पोरीचा बाप गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या फौजेत कप्तान, आणि तो पकडला गेलाय. लिंकनकडे जाऊन त्याची सुटका मागायची, तर गाडीभाडं पाहिजे. त्यासाठी हा गुलाम पोरीबरोबर रस्त्यात नाचून पैसे गोळा करतो. आपल्या मालकाला सोडवायला! ही गोष्ट ज्यांनी लिहिली त्यांना गुलामाच्या पायातली कला दिसत होती. त्या पायांना पळून जावंसं वाटत असेल, एवढं मात्र सुचलं नाही.

आता कात्रीचं तंत्र. निकोलस बंधूंचे नाच बघा: 'डाउन अर्जेंटाइन वे' १९४०, 'सन व्हॅली सेरेनेड' १९४१, 'ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज' १९४२. गोष्ट चालू असते, गोरे नायक-नायिका प्रेम करत असतात. मधेच हे दोघे येतात, पडदा पेटवतात आणि जातात. नायकाशी भांडण नाही, नायिकेशी बोलणं नाही, गोष्टीत एक धागा नाही. हे लेखकाचं दुर्लक्ष नव्हतं, ही शिवण मुद्दाम कच्ची घातलेली होती. दक्षिणेतल्या थेटरवाल्यानं नाच कापला तरी गोष्टीला भोक पडू नये. लीना हॉर्नसारखी गाणारी बाई, तिचीही एमजीएमनं हीच गत केली. खांबाला टेकून एक गाणं म्हणायचं आणि जायचं. मेंफिस शहरात लॉइड बिनफर्ड नावाचा सेन्सॉर १९५५ पर्यंत कात्री घेऊन बसला होता. १९४७ चा 'कर्ली' त्यानं अडवला, कारण त्यात काळी आणि गोरी पोरं एका शाळेत दिसतात. अशा एकेका माणसाचा गल्ला बुडू नये म्हणून हॉलिवूडनं अख्ख्या जगाला दाखवायच्या गोष्टी शिवल्या.

'स्टॉर्मी वेदर'चं काय? त्यात तर सगळेच काळे आहेत. बरोबर. सगळेच काळे असले की काळ्या-गोऱ्यांनी एकत्र दिसायचा प्रश्नच येत नाही. वेगळ्या डब्यासारखा वेगळा सिनेमा. त्यात पासष्ट वर्षांच्या रॉबिन्सनला नायक केला आणि पंचविशीतल्या लीना हॉर्नला त्याची नायिका. आणि निकोलस बंधू तिथंही फक्त जिना उतरायला.

आता जरा अवघड जागा. फ्रेड अस्टेअर. १९३६ च्या 'स्विंग टाइम'मध्ये तो तोंड काळं करून 'बोजँगल्स ऑफ हार्लेम' नाचतो. मागे त्याच्याच तीन प्रचंड सावल्या. नाच देखणा आहे, खोटं कशाला बोला. अस्टेअरला काळ्या नर्तकांबद्दल आदर होता, हेही मान्य. त्या नाचातली पावलं रॉबिन्सनपेक्षा जॉन बबल्सच्या धाटणीची आहेत असं जाणकार म्हणतात. अस्टेअर त्याच्याकडून शिकला होता असंही सांगतात. पण मग मला सांगा, हा चित्रपट आरकेओ कंपनीचा. ह्याच कंपनीनं आदल्याच वर्षी 'हूरे फॉर लव्ह'मध्ये खुद्द रॉबिन्सनला नाचवलं होतं. म्हणजे बोजँगल्सचा पत्ता त्यांना ठाऊक होता. तरी बोजँगल्सच्या सन्मानाला बोजँगल्स नको. काजळी फासलेला गोरा पाहिजे. १९३९ च्या 'होनोलुलू'मध्ये एलिनॉर पॉवेलनं तेच केलं. १९४२ च्या 'हॉलिडे इन'मध्ये बिंग क्रॉसबी काजळी फासून गातो, आणि दिवस कोणता? लिंकनचा वाढदिवस! ज्याच्या नावावर गुलामांची मुक्ती लावतात त्याच्या जयंतीला हा तमाशा. आदर मनात असू शकतो, आणि माणूस दाराबाहेर उभा असू शकतो. दोन्ही एकाच वेळी.

'हूरे फॉर लव्ह'मध्ये रॉबिन्सनबरोबर एक पोरगी नाचते. जेनी लेगॉन. पुरुषांसारखी पँट घालून, पुरुषांच्या तोडीचा टॅप करणारी. १९३५ साली एमजीएमनं तिच्याशी लांब मुदतीचा करार केला. मोठ्या स्टुडिओनं काळ्या बाईशी केलेला असा हा पहिला करार मानतात. नंतर कंपनीनं तो मोडला. पुढे तिच्या वाट्याला काय आलं? मोलकरणी. १९४८ च्या 'ईस्टर परेड'मध्ये अस्टेअर नाचतो आणि जेनी लेगॉन मोलकरीण आहे. ती २०१२ पर्यंत जगली. आपल्यापैकी किती जणांनी तिचं नाव ऐकलंय?

इथं मित्र म्हणाला, "पावलं सगळेच एकमेकांची उचलतात. कलेत देवाणघेवाण असतेच."

असते. हार्लेममध्ये हूफर्स क्लब होता. नाचणारे तिथं रात्र रात्र समोरासमोर भिडायचे, एकमेकांची पावलं उचलायचे. पण पाऊल कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. जसंच्या तसं उचललं तर इज्जत जायची. आपलं काहीतरी घालावं लागायचं. बरोबरीच्या माणसांत ती शाळा होती. आता बडी ब्रॅडलीचं बघा. १९२० नंतरच्या दहा वर्षांत ब्रॉडवेच्या गोऱ्या तारकांना त्यानं नाच बसवून दिले. कार्यक्रमपत्रिकेत नाव दुसऱ्याचं. शेवटी तो लंडनला गेला, तेव्हा १९३० च्या 'एव्हरग्रीन'साठी नाच बसवणारा म्हणून त्याला काम मिळालं. अमेरिकेत नाचरचनेला कायद्यानं नाव घेऊन हक्क दिला तो १९७६ साली. तोवर पाऊल त्याचं, ज्याच्याकडे कॅमेरा. एकाच्या हातात कॅमेरा, करार आणि थेटर, दुसऱ्याच्या फक्त पाय. ह्याला देवाणघेवाण म्हणायचं? घेवाण तेवढी दिसते मला.

आता आपल्यातल्या कडव्या पोरांसाठी दोन शब्द. रॉबिन्सनला त्याच्याच लोकांतल्या तरुणांनी 'अंकल टॉम' म्हणून हिणवलं. आम्हीही म्हणालो असतो. पण त्याच्यासमोर नोकराचा गणवेश सोडून दुसरे कपडे ठेवले होते कोणी? नोकराचा गणवेश कथेनं दिला, पाय त्याचे स्वतःचे होते. तो नाचायला लागला की ती कथा त्याला नोकर ठेवू शकत नाही, हे पडद्यावर दिसतं. आणि निकोलस बंधू? त्यांना गोष्टीत जागा नव्हती म्हणून गोष्टीतली नोकरी त्यांच्या नाचापर्यंत पोचत नाही. ते टेलकोटात येतात, ताठ. हे मी समाधान म्हणून सांगत नाही. त्यांनी काय कमावलं ते त्यांच्या नावावर लागावं म्हणून सांगतोय.

सन्मान आले, नेहमीसारखे उशिरा. रॉबिन्सन १९४९ साली गेला तेव्हा खिशात काही नव्हतं. त्याचा वाढदिवस, २५ मे, राष्ट्रीय टॅप दिन झाला १९८९ साली. निकोलस बंधूंना १९९१ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. फेयार्ड तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता.

ही चित्रं आपल्यापासून लांब नव्हती. एमजीएमनं १९३८ साली मुंबईत धोबीतलावला स्वतःचं मेट्रो थेटर बांधलं. त्या थेटराच्या आठवणी अजून निघतात, 'हॉलिवूडचं सोनेरी युग' म्हणून हळवे लेख लिहिले जातात. लिहा बापडे. आपण बघताना तीन गोष्टी विचारायच्या. नाचणाऱ्याचं नाव पाटीवर कुठं आहे? नाचून झाल्यावर त्याला गोष्टीत बोलायला मिळतं का? आणि हा तुकडा कापला तर गोष्टीचं काही अडतं का? ह्या तिन्हींची उत्तरं मिळाली की रंग कुठं आड आला ते दिसतं.

मित्रानं तो तुकडा पुन्हा लावला. ह्या वेळी खाली नावं टाकून चौघांना पाठवला.