तोट्याचे वाटेकरी

मिरकरवाड्याच्या बंदरावर बोट रिकामी परतली तरी डिझेल जळायचे ते जळतेच. विमानाचेही तेच. खुर्च्या रिकाम्या असोत वा भरलेल्या, इंधन लागतेच आणि त्याचा भाव कंपनीच्या हातात नसतो. मग मंदी आली की कात्री चालते ती पगारावर.

ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १,९०० जणांना घरी बसवायचे ठरवले. गणवेशातली मुलेमुली राज ठाकरे यांच्याकडे गेली आणि निर्णय लगोलग फिरला. नोकऱ्या वाचल्या, तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न तसाच राहिला. २०१८ मध्ये पगारकपातीचा विषय पुन्हा निघाला, मग पगार थकले आणि १७ एप्रिल २०१९ ला उड्डाणेच थांबली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

पारंपरिक होडीवर मासळीचे वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा, माणसांचा. तिथे तूट सगळ्यांची, आणि बरकतही सगळ्यांची! पगारदाराला मात्र वाटेकरी म्हणून हाक येते ती तोट्याच्या वर्षीच. काटकसरीला माझी ना नाही. पण कपातीच्या पत्रात एक ओळ हवी: कंपनी सावरली की ही रक्कम परत मिळेल.