समानार्थी शब्दांचें थोतांड

इंग्रजी भाषेच्या अध्यापनांत एक अनिष्ट प्रघात इतका रुळला आहे कीं, त्याविषयीं तक्रार करणारासच लोक वेड्यांत काढतील. विद्यार्थ्यास कौशल्यवाचक विशेषणांची एक यादी द्यावयाची. तींत ‘स्किलफुल’, ‘एक्स्पर्ट’, ‘ॲडेप्ट’, ‘प्रोफिशंट’, ‘डेक्स्टरस’, ‘ॲड्रॉइट’, ‘कन्समेट’, ‘मास्टरफुल’, ‘क्लेव्हर’, ‘कनिंग’ असे शब्द एकाखालीं एक मांडावयाचे. आणि हे सर्व समानार्थी आहेत, पुनरुक्ति टाळण्यासाठीं यांपैकीं हवा तो उचलावा, असें सांगून मोकळें व्हावयाचें. आमच्या परिचयांतील एका मुलानें हा उपदेश शिरसावंद्य मानला आणि आपल्या निबंधांत एका नामांकित शस्त्रवैद्याचा ‘कनिंग’ म्हणून गौरव केला. परीक्षकांनीं त्या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढून गुण कापले. “पण तो शब्द यादींत होता!” असें तो मुलगा काकुळतीनें सांगत होता. आमच्या मतें त्याचें म्हणणें अगदीं रास्त होतें. अपराध मुलाचा नव्हे, यादीचा आहे.

‘कनिंग’ या शब्दाचें मूळ ‘जाणणें’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदांत आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत कसबी कारागिरास हेंच विशेषण आदरानें लाविलेलें आढळतें. पुढें जाणत्या माणसाविषयींचा आदर ओसरला, संशय तेवढा उरला, आणि ‘जाणता’ या अर्थाचा शब्द ‘कावेबाज’ या अर्थीं रूढ झाला. ‘क्राफ्टी’ आणि ‘आर्टफुल’ यांचीही तीच गति झाली. उलट ज्या ‘क्लेव्हर’ शब्दाला जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत हलका म्हणून हिणविलें, तो पुढें शिष्टांच्या बैठकींत सुखानें वावरूं लागला. शब्दांनाही कुळ असतें, चरित्र असतें, उत्कर्ष आणि अधःपात असतो. यादी हें सारें पुसून टाकून सर्वांना एकाच पंक्तीस बसविते.

आतां या पंक्तींतील पाहुण्यांची थोडी विचारपूस करूं. ‘एक्स्पर्ट’ हा शब्द लॅटिनमधील ‘करून पाहणें’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला. ‘एक्स्पीरिअन्स’ हें त्याचेंच भावंड. अर्थात् त्याच्या पाठीमागें अनुभवाचीं वर्षें उभीं आहेत. ‘प्रोफिशंट’ म्हणजे मूळचा ‘पुढें सरकलेला’. परीक्षेनें मोजतां येईल अशी पात्रता त्यानें सांगावी, असामान्य प्रतिभा नव्हे. ‘ॲडेप्ट’ म्हणजे ‘ज्यानें प्राप्त केलें तो’. किमयागारांच्या परंपरेंत ज्याला गूढ रहस्य साधलें त्याला ही पदवी असे. ‘डेक्स्टरस’मध्यें लॅटिन उजवा हात आहे आणि ‘ॲड्रॉइट’मध्यें ‘योग्य रीतीनें’ या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग; परंतु पहिला आज मुख्यतः हाताची सफाई दाखवितो, तर दुसरा अवघड प्रसंगांतून निसटण्याचें चातुर्य. ‘कन्समेट’ म्हणजे पूर्णत्वास पोंचलेला. मग तो गवई असो कीं लबाड असो, त्या विशेषणाला त्याचें सोयरसुतक नाहीं. ‘मास्टर्ली’ हें उस्तादाच्या कृतीस शोभतें आणि ‘मास्टरफुल’ हें हुकमत गाजविणारास, असा भेद पाळावा म्हणून फाउलरनें १९२६ सालीं आग्रह धरला. तो भेद आज बहुतेकांनीं सोडून दिला आहे, व भाषा तेवढीच दरिद्री झाली आहे.

म्हणजे त्या शस्त्रवैद्यास ‘डेक्स्टरस’ म्हटलें तर त्याच्या बोटांविषयीं, ‘एक्स्पर्ट’ म्हटलें तर त्याच्या अनुभवाविषयीं, आणि ‘ॲड्रॉइट’ म्हटलें तर ऐनवेळीं त्यानें दाखविलेल्या प्रसंगावधानाविषयीं आपण कांहीं सांगत असतों. हीं तीन निरनिराळीं विधानें आहेत. त्यांतील कोणतें खरें हें पाहिल्यावांचून शब्द उचलणें म्हणजे न वाचतां कागदावर सही करणें होय.

येथें कोणी रॉजेटची साक्ष काढील. परंतु १८५२ सालीं आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह छापणाऱ्या त्या डॉक्टरानें शब्दांचे अर्थ समजावून देण्याचें काम आपलें नव्हे, असें प्रस्तावनेंतच सांगून ठेविलें आहे. अर्थच्छटा उकलण्याचें काम त्याच्या आधीं १७९४ मध्यें हेस्टर पिओझीबाईंनीं आणि १८१६ मध्यें जॉर्ज क्रॅबनें केलें होतें. आमच्या शिक्षकांनीं रॉजेटची विपुलता घेतली आणि क्रॅबचा विवेक टाकला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्युत्पत्ति म्हणजे कांहीं अर्थ नव्हे. रूढि बलवत्तर आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस हें सर्वस्वीं मान्य आहे. ‘कुशल’ म्हणजे मूळचा दर्भ आणणारा, व त्यावरून लक्षणेनें निपुण, असें मम्मटानें मानलें. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें तें खोडून काढून, निपुण हाच त्या शब्दाचा मुख्यार्थ, असें ठरविलें. एका विशेषणासाठीं आपल्या शास्त्रकारांनीं एवढा खल केला! कोणता पक्ष खरा हा प्रश्न निराळा. पण दोघांनींही शब्दाकडे डोळे उघडे ठेवून पाहिलें. यादी व्युत्पत्तिही देत नाहीं आणि रूढिही देत नाहीं.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. स्तुति ही एक प्रकारची साक्ष आहे. शिफारसपत्रांत प्रत्येक उमेदवार ‘एक्स्पर्ट’, परीक्षणांत प्रत्येक कादंबरी ‘मास्टरफुल’, असें झालें म्हणजे जन्मभर घासून ज्यानें खरी विद्या मिळविली त्यालाही तेंच नाणें हातीं पडतें, जें काल आलेल्या नवशिक्यास मिळालें. अतिस्तुतीनें अयोग्याचा फायदा होतो तो होतो. पण योग्याची खचित फसवणूक होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पन्नास शब्दांची यादी फाडून टाकावी व मुलांना पांचच शब्द शिकवावे. पण प्रत्येक शब्द कोणास शोभतो आणि कोणास शोभत नाहीं, हें दाखविणारीं दोन-दोन वाक्यें त्यांच्याकडून लिहून घ्यावीं. आणि पुनरुक्तीचा बाऊ करणें सोडावें. ‘स्किलफुल’ हा शब्द एका निबंधांत तीनदां आला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु सज्जन शस्त्रवैद्य एकदां जरी कावेबाज ठरला, तरी लिहिणारानें खोटी साक्ष दिली असेंच होतें.