विश्लेषण : बार बंद पाडण्याचा हक्क आहे, मग जुना बार राखण्याचा का नाही?

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की नीरा नदीचा पूल ओलांडण्याआधी सारोळे लागते. गाव भोर तालुक्यातले. पुलापलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा सुरू. या महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला ‘बार’ म्हटले की एकच चित्र आठवते. काळ्या काचा, रंगीत दिवे, ‘परमिट रूम’ची ठळक पाटी आणि फॅमिलीसाठी वेगळा दरवाजा. मग लंडनला नोकरीला असलेला एखादा भाचा तिथल्या दीडशे-दोनशे वर्षांच्या पबचे फोटो ग्रुपवर टाकतो. लाकडी काउंटर, पितळी नळ, खिडकीशी पेपर वाचत बसलेले आजोबा. खाली कोणीतरी विचारतेच : आपल्याकडे असे का नाही?

‘आपली संस्कृती वेगळी’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. खरे उत्तर बरेचसे कायद्यात सापडते.

जुने बार गेले कुठे?

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. १९५०पासून तेव्हाच्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. त्या वेळचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांचा या धोरणासाठी कमालीचा आग्रह होता. कायद्याला आव्हान मिळाले आणि १९५१मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी मोठ्या प्रमाणात कायम ठेवली. मात्र अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरची बंदी उठवली. म्हणजे अंगाला लावायचे कोलन वाचले, ग्लासातली बिअर नाही वाचली.

पिणारे अर्थात थांबले नाहीत. मुंबईत घरातल्या पुढच्या खोलीत चालणारे ‘आंटीचे अड्डे’ याच काळात फोफावले. पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९६३ ते १९७५ या काळात, बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली. पण कायदा रद्द झाला नाही, फक्त त्यात परवान्याची वाट ठेवली गेली. परवाना असलेल्यानेच जिथे प्यायचे ती खोली म्हणजे परमिट रूम. नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे असले, तरी कायदा तोच आहे. आजही कागदोपत्री प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना त्यासाठीच. काळ्या काचेमागे, कोणाला दिसणार नाही असे बसायची सवय याच काळाने लावली, असे म्हणायला जागा आहे.

शेजारच्या गोव्याशी ताडून पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. १९६१पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता, त्यामुळे मुंबई राज्याची दारूबंदी तिथे पोहोचलीच नाही. म्हणून पणजीच्या फोंतेन्यासमध्ये गल्लीच्या तोंडाशी चार स्टुलांचे तावेर्न अजून दिसते, आणि संध्याकाळी तिथे फेणीचा ग्लास हातात घेऊन उभा असलेला माणूस कोणाला खटकत नाही. काजू फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मुंबईपासून एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर, पण पिण्याच्या जागेचा इतिहास पूर्ण वेगळा.

मग टिकले कोण?

महाराष्ट्रात ‘जुना बार’ म्हणून जे मिरवतात, त्यातले बरेच मुळात बार नव्हतेच. कुलाब्याचे लिओपोल्ड १८७१ सालचे. सुरुवात तेलाच्या घाऊक दुकानाने झाली. जवळच असलेले कॅफे मोंडेगार १९३२मध्ये इराणी हॉटेल म्हणून उघडले; त्याच्या भिंतींवरची मारिओ मिरांडा यांची चित्रे नंतरची. फोर्टातले कॅफे मिलिटरी १९३३चे, तेही इराणी. चहा, ब्रून, खिमा यांवर जगलेल्या या जागा आहेत. दारूबंदी आली तरी त्यांचा गल्ला बंद झाला नाही, आणि म्हणूनच त्या पुढे बिअर विकायला शिल्लक राहिल्या.

त्यामुळे या ठिकाणी जाणाऱ्याने ‘इंग्लिश पब’ शोधू नये. तो नाही. पाहायचे ते वेगळे : जुनी टेबले, लाकडी खुर्च्या, आरसे, गल्ल्यावर बसणारा मालक आणि तीच ऑर्डर देणारा रोजचा गिऱ्हाईक. कॅफे मिलिटरीत दुपारी शेजारच्या टेबलावर वकील असतो, त्याच्या शेजारी बँकेतला निवृत्त कारकून, आणि दोघांपुढे खिमा असतो. काळी काच नाही. रस्त्यावरून आतला माणूस दिसतो. एवढ्या एका गोष्टीने बसणाऱ्याची वागणूक बदलते. उजेडात, ओळखीच्या माणसांसमोर, जेवणाबरोबर पिणारा सहसा तोल सांभाळून असतो.

लिओपोल्डमध्ये आता पर्यटकांचीच गर्दी जास्त, दरही त्याच हिशेबाने. तरीही तिथे जावे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी बुजवल्या नाहीत. हल्ल्यानंतर काही दिवसांतच हॉटेल पुन्हा उघडले. शहराची एक आठवण स्मारकात न जाता चालू धंद्यात राहिली, असे फार कमी वेळा घडते.

वारसा म्हणजे फक्त दगडी भिंत?

मुंबईची वारसा नियमावली १९९५ची, देशातली पहिली. ती इमारतीला श्रेणी देते. दर्शनी भाग, छप्पर, कमानी यांना हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. पण आत कोणता धंदा चालतो, याच्याशी तिला फारसे देणेघेणे नाही. काळा घोडा परिसरातले वेसाइड इन हे याचे बोलके उदाहरण. कवी अरुण कोलटकर तिथले नेहमीचे गिऱ्हाईक. खिडकीतून दिसणाऱ्या त्या चौकावर त्यांनी अख्खा इंग्रजी कवितासंग्रह लिहिला. तो परिसर वारसा म्हणून जपला गेला. वेसाइड इन मात्र बंद पडले. कमान राहिली, टेबल गेले.

इंग्लंडमध्ये यावर एक उपाय काढला गेला. २०११च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने तिथल्या रहिवाशांना एखादी जागा ‘समाजासाठी मोलाची’ म्हणून नोंदवण्याची मुभा दिली. नोंद झाली की मालकाला ती परस्पर विकता येत नाही. रहिवाशांना ती घ्यायची असेल, तर पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. मालकावर त्यांनाच विकण्याची सक्ती नाही, फक्त थांबण्याची आहे. लंडनच्या नन्हेड भागातला आयव्ही हाउस हा अशी नोंद झालेला पहिला पब. २०१३मध्ये तो रहिवाशांनीच विकत घेतला. कार्लटन टॅव्हर्नची गोष्ट आणखी नाट्यमय. २०१५मध्ये मालक कंपनीने परवानगीशिवाय तो पाडला. पालिकेने तो होता तसाच पुन्हा बांधायला लावला, आणि २०२१मध्ये तो परत उघडला.

आडव्या बाटलीचे काय?

इथे आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या बाईसाठी दारूचे दुकान म्हणजे नवऱ्याचा अर्धा पगार. तिला ‘वारसा’ सांगायला जाणे उद्धटपणाचे ठरेल. महाराष्ट्राने तिच्या हातात एक हत्यार दिले आहे. २००८च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर मतदान घेता येते. ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’ यावर शिक्का मारायचा. आडव्या बाटलीने निम्म्याचा टप्पा ओलांडला की दुकान बंद. हा हक्क कमी करावा असे कोणी म्हणत असेल, तर त्याला विरोधच हवा.

प्रश्न एवढाच की हा हक्क एकाच दिशेने का चालतो? परिसराला बंद करण्याचा अधिकार आहे, राखण्याचा नाही. ज्या वॉर्डातल्या लोकांना आपले नव्वद वर्षांचे इराणी हॉटेल बिअरसकट हवे आहे, त्यांच्याकडे मतपत्रिका नाही. वरून येणारे निर्णय तर सगळ्यांना एकच काठी लावतात. १ एप्रिल २०१७पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतच्या ५०० मीटरमधली विक्री बंद झाली. २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर ठेवले गेले. अपघात रोखण्याचा हेतू योग्यच होता. पण मोजपट्टीला सारोळ्याजवळचा हायवे बार आणि शहरातले जुने हॉटेल यांतला फरक कळत नाही. जुलैमध्ये न्यायालयालाच खुलासा करावा लागला की महापालिका-नगरपालिका हद्दीतून जाणाऱ्या रस्त्यांना ही बंदी लागू नाही.

म्हणून मागणी मर्यादित असावी. पन्नास वर्षांहून जुनी, जेवण देणारी, रस्त्यावरून आत दिसणारी जागा असेल आणि वॉर्डातल्या मतदारांनी तशी मागणी केली, तर तिची नोंद व्हावी. विक्री किंवा तोडकामाआधी सहा महिने थांबण्याचे बंधन असावे. करसवलत नको, परवाना शुल्कात सूटही नको. आणि त्याच वॉर्डाने उद्या आडव्या बाटलीला मत दिले, तर ते मत वरचढ.

जायचे असेल तर

सारोळ्याहून पहाटे निघून पुणे स्टेशन गाठले, तर सकाळची डेक्कन क्वीन मिळते. संध्याकाळी तीच गाडी परत येते. स्वतःची गाडी नेऊ नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले की पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्याने बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. दुपारी तीन-चारच्या सुमारास जावे, जेवणाची गर्दी ओसरलेली असते. खायला मागवावे, अशा जागांचे भाडे एका बिअरवर चार तास बसणाऱ्यांतून निघत नाही. वेटरचा व्हिडिओ काढण्याआधी त्याला विचारावे. न पिणाऱ्यानेही खुशाल जावे. कॅफे मिलिटरीत खिमा-पाव आणि रास्पबेरी सोडा मागवला, तर कोणी वर मान करून बघतही नाही.