न जळलेलं पेट्रोल असतं तरी किती?

पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून गाडीचं ॲव्हरेज वाढवून देणाऱ्या वस्तूंचा बाजार तेजीत आहे. इंधनाच्या नळीला लावायचं चुंबक, हवेच्या पाइपात बसवायचं पत्र्याचं पातं, पाण्यातून हायड्रोजन काढणारं किट, टाकीत टाकायच्या गोळ्या, असं काय काय विकलं जातं. वस्तू वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकांचा दावा एकच असतो: इंजिनात पेट्रोल अर्धवट जळतं, आमच्या वस्तूमुळे ते पूर्ण जळेल आणि ॲव्हरेज वीस-तीस टक्क्यांनी वाढेल. हा दावा तपासायला एक प्रश्न पुरतो. न जळता वाया जाणारं पेट्रोल मुळात असतं किती?

फार थोडं. सुस्थितीतल्या आजच्या इंजिनात गेलेल्या पेट्रोलपैकी ९७-९८ टक्के जळून जातं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण सतत तपासत असतो. ते बिघडलं की गाडीतला संगणक क्षणात इंधन कमी-जास्त करतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ उत्सर्जन मानकं लागू झाल्यावर दुचाक्यांतही हीच व्यवस्था आली. मग पेट्रोलमधली ऊर्जा जाते कुठे? निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते, काही घर्षणात जाते आणि शहरातल्या रहदारीत चाकांपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा पोहोचतो. नुकसान मोठं आहे, पण ते जळून गेलेल्या पेट्रोलच्या उष्णतेचं आहे. न जळलेला शेवटचा थेंब जाळला तरी हाती दोन-तीन टक्केच लागतील. जिथे शिल्लक दोन-तीन टक्क्यांची आहे, तिथून तीस टक्के काढता येत नाहीत.

हायड्रोजनच्या किटचा हिशेब तर आणखी सोपा आहे. पाण्याचं विघटन करायला वीज लागते, ती अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिनावर फिरतो आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. या प्रत्येक पायरीवर गळती आहे. शंभर रुपयांच्या पेट्रोलमधून शेवटी दहा-पंधरा रुपयांचा हायड्रोजन हाती येणार. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या ‘चिप’ची गोष्ट वेगळी. अशा काही चिप अभ्यासकांनी उघडून पाहिल्या आहेत. आत एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर, तीन-चार दिवे आणि एक बटण. गाडीच्या संगणकाशी बोलायला लागणारा भागच त्यात नव्हता. दिवे लुकलुकतात, आणि ‘शे-दोनशे किलोमीटर चालवा, मग चिप तुमची सवय शिकेल’ असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गेल्या काही दशकांत अशी शंभराहून अधिक साधनं तपासली, त्यात चुंबकंही होती. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. ज्या मोजक्या साधनांनी किंचित फरक दाखवला, त्यांतल्या काहींमुळे प्रदूषण वाढलं.

तरीही ‘आमच्या गाडीला फरक पडला’ असं सांगणारी माणसं भेटतात, आणि ती खोटं बोलत नसतात. चूक मोजण्यात होते. टाकी फुल्ल करताना पंपाचा नोझल प्रत्येक वेळी त्याच पातळीला बंद होत नाही. लिटर-दीड लिटर इकडेतिकडे झालं तरी पंधरा-वीस लिटरच्या हिशेबात तो फरक मोठा दिसतो. शिवाय माणूस असं साधन घेतो तेव्हा ॲव्हरेज बहुधा नेहमीपेक्षा पडलेलं असतं: पावसाळ्यातली कोंडी, सतत चालू एसी, टायरमध्ये कमी हवा. परिस्थिती पूर्वपदावर आली की ॲव्हरेज आपोआप सुधारतं आणि श्रेय साधनाला मिळतं. पैसे खर्च केल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका होतो, ते वेगळंच. खरी चाचणी करायची तर साधन लावून, काढून, पुन्हा लावून त्याच रस्त्यावर मोजलं पाहिजे, आणि ते लावलेलं आहे की नाही हे चालवणाऱ्याला कळता कामा नये.

कोणी म्हणेल, तेल कंपन्याच असे शोध दाबून टाकतात. पण गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करणाऱ्या देशाला असा शोध दाबून काय मिळणार? वाहन कंपन्यांना तर तो हवाच आहे. २०१७-१८ पासून त्यांच्या सगळ्या मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर सरकारी मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर दंडाची तरतूद आहे. एक-दोन टक्के वाचावेत म्हणून या कंपन्या पातळ ऑइल वापरतात, टायरचं रबर बदलतात, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होईल अशी सोय करतात. हजार रुपयांच्या चुंबकाने वीस टक्के वाचत असते, तर ते कारखान्यातच बसून आलं असतं.

‘हजार रुपयेच तर गेले’ हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो. हायड्रोजनचं किट बसवायला वायरिंग कापावं लागतं आणि मग वॉरंटीचा दावा अडकू शकतो. ॲव्हरेज का पडलं हा तपास मात्र तिथेच थांबतो. चिकटलेला ब्रेक, घसरणारा क्लच, तुंबलेला एअर फिल्टर तसाच राहतो. दिवसभर टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्याला हे परवडणारं नाही. सध्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलमुळे ॲव्हरेज घटल्याची तक्रार सर्वत्र आहे, आणि तिला आधार आहे: इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ही घट इंधनातच आहे, ज्वलनात नाही. त्यामुळे ‘ई-२० स्पेशल’ म्हणून विकलेली कुठलीही गोळी ती भरून काढू शकत नाही.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि १९१५ या हेल्पलाइनवर ग्राहकाला तक्रार नोंदवता येते. टक्केवारी छापणाऱ्याकडे आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेतला, साधनासह आणि साधनाविना केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा. तो मिळाला नाही, तर हाच क्रमांक फिरवावा.