चाकांवरचे घर आणि तिसरा मजला

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेतून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. सलाम-दुआ झाली, शीरखुर्म्याची चौकशी झाली आणि मग तो म्हणाला, "मामू, मुमानी, थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवतो." फोन घेऊन तो शेजाऱ्यांच्या अंगणात गेला. तिथे एसटीपेक्षा लांब, पांढरी, खिडक्यांची गाडी उभी होती. शेजारी नवरा-बायको दोघेही निवृत्त. त्यांनी घर विकायला काढले आहे आणि यापुढे बारा महिने ते या गाडीत राहणार आहेत.

तिकडे त्याला फिफ्थ-व्हील म्हणतात. साध्या मोटारीला हे ओढणे जमत नाही, दणकट पिकअप ट्रक लागतो. ट्रकच्या मागच्या हौद्यात, चाकांच्या आसाच्या वर, एक जाड लोखंडी पकड बसवलेली असते आणि घराची खुंटी तिच्यात अडकते. आपल्याकडे न्हावा-शेवा बंदरात जाणारे कंटेनर असेच ओढले जातात. घराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच ट्रकच्या पाठीवर येतो, म्हणून घर आधी पसंत करून चालत नाही, ट्रकला किती पेलते ते आधी बघावे लागते. आत ओटा, फ्रीज, सोफा सगळे. गाडी उभी केली की भिंतीचा एक भाग बाहेर सरकतो आणि खोली रुंद होते. पलंग मात्र वरच्या अंगाला, कारण तो भाग ट्रकच्या हौद्यावर येतो. तिथे जायला पायऱ्या.

हा मजकूर आम्ही दोघे मिळून लिहितो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. एक सांगतो, दुसरी खोडते. त्या दिवशीही तसेच झाले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्याने वजनाचा हिशेब विचारला. दुसरीने विचारले, "न्हाणीचे पाणी जाते कुठे?" भाचा म्हणाला, खाली तीन टाक्या असतात. एक पिण्या-वापरण्याच्या पाण्याची, एक ओटा-न्हाणीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. दर काही दिवसांनी ठरलेल्या जागी नेऊन रिकाम्या कराव्या लागतात. "म्हणजे पाणी मोजून वापरायचे," ती म्हणाली, "मग त्यात नवीन काय? जोगेश्वरीत चाळीस वर्षे तेच केले."

त्या जोडप्याने गाडी निवडायला वर्ष घालवले. काही कंपन्यांच्या वॉरंटीत स्पष्ट लिहिलेले असते की ही गाडी सुट्टीसाठी आहे, कायम राहिलात तर जबाबदारी आमची नाही. फार लांब गाडी घेतली तर अनेक सरकारी उद्यानांतल्या जागांत ती मावत नाही. टपाल, लायसन्स, मतदान, कर यांसाठी कुठला तरी पत्ता लागतोच. आणि त्यांनी आधी अशीच एक गाडी भाड्याने घेऊन ऐन थंडीत महिनाभर त्यात राहून पाहिले. हे शेवटचे आम्हाला फार पटले.

आम्ही खूप हसलो. आपल्या राज्यानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण ते सुट्टीच्या चार दिवसांसाठी. अंधेरीत स्कूटर लावायला जागा मिळत नाही, तिथे घर कुठे उभे करायचे?

रात्री दूध आणायला खाली जायचे होते. आमची इमारत तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या 54. ती निघाली, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली आणि तशीच परत वर आली. गुडघे. दूध त्याने आणले. त्याचे वय 68, तिचे 64. दूध तापेपर्यंत दोघेही गप्प होतो. त्या परक्या माणसांनी विचारलेले सगळे प्रश्न आपल्यालाही विचारायला हवेत, हे दोघांच्याही मनात आले होते.

पहिला विचार अर्थातच गावाचा. खेड तालुक्यात आमचे जांभ्याचे, कौलारू घर आहे. मुंबईतल्या प्रत्येक कोकणी मुसलमानाच्या मनात असे एक घर असते आणि रिटायर झालो की तिथे जाऊ हे वाक्य त्याच्या ओठावर असते. आमच्याही होते. पण आम्ही गाव पाहिलेले मे महिन्यातले, आंब्या-फणसाचे, सगळी चुलत-मावस मंडळी जमलेली. तेव्हा ठरवले की राहून बघायचे तर जुलैमध्ये.

जाणे सोपे झाले आहे, हे खरे. मांडवी एक्स्प्रेस ठाण्याला किंवा पनवेलला पकडली की खेडला उतरता येते. ऑगस्ट 2024 पासून वांद्र्याहून मडगावला जाणारी गाडी आठवड्यातून दोनदा बोरिवलीवरून सुटते आणि चिपळूणला थांबते. म्हणजे पश्चिम उपनगरातल्या माणसाला सामान घेऊन दादरचा पूल चढायला नको. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती अजून सुरू झालेली नाही. एसटी मात्र उदार. 65 ते 75 वयाला अर्धे तिकीट, 75 च्या पुढे फुकट, आणि महिलांना 2023 पासून कुठल्याही वयात अर्धे. म्हणजे आमच्या दोघांचे मिळून एकच तिकीट. कशेडीचा बोगदा झाल्यामुळे घाटही टळतो.

महिना कसा गेला? तिला विचाराल तर सुखाचा. जिना नाही, दार उघडले की अंगण. पहाटेची अजान पावसाच्या आवाजातून यायची. त्याला विचाराल तर निम्मा सुखाचा. कौले चार ठिकाणी गळली आणि कौले चाळणारा माणूस शोधायला आठ दिवस गेले. वीज जायची ती रात्रभर. आमच्या मोहल्ल्यात अर्ध्याहून जास्त घरांना कुलपे. कुणी आखातात, कुणी मुंब्र्यात, एक कुटुंब तर दोन पिढ्यांपासून केपटाऊनला. मगरिबला मशिदीत एक सफही भरायची नाही, आणि सफेत उभे राहणारे बहुतेक आमच्याच वयाचे.

तेविसाव्या रात्री त्याची साखर उतरली. दरदरून घाम, बोलणे अडखळायला लागले. तिने गूळ खाऊ घातला, शेजारच्या मुलाला उठवले, त्याने रिक्षावाल्याला उठवले. पऱ्याला पाणी आले होते म्हणून लांबच्या रस्त्याने जावे लागले. दवाखान्याच्या दारात पोहोचायला सव्वा तास लागला. अल्हम्दुलिल्लाह, गुळानेच काम केले होते. आसपास सोय नाही असे नाही. कळंबणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, सावर्ड्याजवळ डेरवणला मोठे रुग्णालय आहे. प्रश्न दिवसाचा नाही, रात्री दोनचा आहे. गाडी चालवणाराच आजारी पडला तर घर कोण ओढणार, असे आम्ही भाच्याला गमतीने विचारले होते. त्या रात्री रिक्षात तिला तेच आठवले, असे ती नंतर म्हणाली.

दुसरा मार्ग, जोगेश्वरीचे घर विकून लिफ्टवाले नवे घर घ्यायचे. मीरा रोड, नायगाव, मुंब्रा, सगळीकडे फिरलो. आमच्या पैशांत मिळते ते तिथेच. काही ठिकाणी दलालाने फोनवर आधी नाव विचारले आणि नाव ऐकल्यावर फ्लॅट कालच गेल्याचे सांगितले. ही गोष्ट वाचकांना नवी नाही, म्हणून त्यावर जास्त शाई घालवत नाही.

फिरताना एक टेप मात्र बरोबर ठेवला होता. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांचे नियम काढले. त्यांत दाराची रुंदी किमान 900 मिलिमीटर, मजल्यांना लिफ्ट, उंबरठे-पायऱ्यांऐवजी उतार, न घसरणारी फरशी, न्हाणीत धरायला दांडे, अशा गोष्टी आहेत. हे नियम ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना आहेत, साध्या इमारतींना नाहीत. पण मोजायला माप मिळाले. नव्या कोऱ्या इमारतींत संगमरवरी लॉबी आणि संडासाचे दार जेमतेम दोन फूट! व्हीलचेअर सोडा, काठी घेऊन माणूस आणि त्याला धरणारा दुसरा माणूस एकत्र आत जाणार नाही. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी टेपकडे बघून हसली. तिला म्हटले, बेटी, तुझ्या आजीला घेऊन ये एकदा.

आमच्याच इमारतीचा पुनर्विकास होईल, असेही सोसायटीत दहा वर्षे चालू आहे. 2019 च्या नियमांनुसार 51 टक्के सभासदांची संमती पुरते. समजा उद्या मिळाली. मग परवानग्या, पाडकाम, भाड्याच्या घरात काही वर्षे. नव्या इमारतीची लिफ्ट येईल तेव्हा आमची वये किती असतील हा हिशेब गणिताच्या मास्तरने केला आणि कागद घडी करून ठेवला.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा मजकूर लिहायला घेतला तिच्याकडे येतो. लिहू की नको, यावर आमच्यात आठ दिवस वाद झाला. शेवटी तिनेच लिही म्हटले.

थोरल्याने सुचवले, "अब्बा, फ्लॅट माझ्या नावावर करा, मी मोठे घर घेतो, सगळे एकत्र राहू." मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली. पण तेव्हा पहिल्यांदा आम्ही कागद काढून बघितले. घर एकट्या त्याच्या नावावर. हप्ते दोघांनी फेडले, कारण तिच्या शिवणकामाचे पैसे त्यातच गेले, पण 1986 मध्ये कागदावर नाव घालायचे कुणाला सुचले नाही. त्याच्या मागे शरियतप्रमाणे तिला मुले असताना आठवा हिस्सा. चारशे फुटांचा आठवा हिस्सा म्हणजे पन्नास फूट, न्हाणी आणि अर्धा ओटा. सोसायटीत नॉमिनी म्हणून तिचे नाव आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. वकिलाने समजावले की नॉमिनी मालक होत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर कायद्यात शब्दच आहे तात्पुरता सभासद, वारस ठरेपर्यंतचा. वसीयत करावी म्हटले तर ती एक तृतीयांशापुरती, आणि वारसाच्या नावे करायची तर बाकीच्या वारसांची संमती हवी.

राहिला हिबा, म्हणजे हयातीतले दान. त्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याचे सांगणे, घेणाऱ्याचे स्वीकारणे आणि ताबा. एकाच घरात राहणाऱ्या नवरा-बायकोत घर रिकामे करून ताबा दिला पाहिजे, असा आग्रह कोर्टे धरत नाहीत. तोंडी हिबाही आपल्यात मान्य आहे, पण सोसायटी आणि बँक कागदच मागतात, म्हणून दस्त नोंदवलेला बरा. राहते घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, इतर आकार वेगळे. त्याने अर्धा हिस्सा तिच्या नावे केला. दस्त झाला त्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीतून बाहेर पडताना ती काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर एवढेच म्हणाली, "शिलाई मशीन आता माझ्या घरात आहे."

थोरल्याला सांगणे अवघड गेले. त्याला वाटले, अविश्वास दाखवला. आम्ही त्याला 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वाचायला दिला, तर तो आणखी दुखावला! पण वाचकांसाठी लिहून ठेवतो. त्या कायद्याच्या 23 व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईच्या प्रकरणात असे दान रद्दच ठेवले. त्याआधीच्या, 2022 च्या निकालात मात्र अट सिद्ध झाली नाही म्हणून आईच्या बाजूला दाद मिळाली नव्हती. म्हणून अट कागदावर हवी. हिब्याला अट जोडणे हा नाजूक मामला आहे. वकील आणि मौलाना दोघांना विचारल्याशिवाय सही करू नये. थोरला दोन जुम्मे आला नाही. तिसऱ्या जुम्म्याला आला, बिर्याणीचा डबा घेऊन. त्या विषयावर तोही बोलला नाही, आम्हीही नाही.

घराचे शेवटी असे ठरले. तिसरा मजला विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. सोसायटी देखभालीच्या सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बिगर-वहिवाट आकार लावेल, ते मान्य. त्याच भाड्यात थोडी भर घालून त्याच गल्लीत तळमजल्याची जागा घ्यायची. मशीद दोन मिनिटांवर, डॉक्टर समोर, मुलगी अंधेरीत, कूपर रुग्णालय रिक्षाच्या टप्प्यात. जागा लहान आहे आणि पावसाळ्यात गल्लीत घोट्याइतके पाणी येते. त्यासाठी पलंग उंच करून घेतला. करार 11 महिन्यांचा, पण रीतसर नोंदवलेला. नोंदणी करायला मालक कुरकुरला, त्याला कायदा दाखवला. संडासाचे दार काढून पडदा लावायला आणि भिंतीत दांडा ठोकायला त्याने परवानगी दिली, हे पुष्कळ झाले.

गावचे घर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कौले दिवाळीआधी चाळून घ्यायची, गूळ आणि साखर मोजायचे यंत्र उशाशी ठेवायचे, शेजारच्या मुलाचा आणि रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर खडूने लिहायचा. आमच्या घराची चाके एसटीची, आणि तीही अर्ध्या तिकिटात.

परवा भाच्याचा फोन आला होता. शेजाऱ्यांचे घर विकले गेले आहे. निघण्याआधी बायको ट्रक चालवायला शिकते आहे, रोज सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये. तो लांबलचक डोलारा मागे घेताना तिने दोनदा कुंडी पाडली. आमच्यातल्या दुसरीने हे ऐकून भाच्याला सांगितले, "तिला माझा सलाम सांग."

सामान हलवायचे काम पुढच्या महिन्यात. माळ्यावर चाळीस वर्षांचे काय काय निघते आणि त्यातले किती तळमजल्यात मावते, ते तेव्हा लिहू, इन्शाअल्लाह.