मेंदूचा विसावा

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील अनेक घरांचे घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांनुसार चालते. रातपाळी संपवून आलेल्याची रात्र सकाळी सुरू होते. अशा जीवनक्रमात ताण आणि अपुरी झोप नित्याचीच मानली जाते. मेंदूतील प्रथिनांवर होणारा त्यांचा परिणाम मात्र डोळ्यांना दिसत नाही.

१९०६ मध्ये जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत, तिच्या मृत्यूनंतर, दोन विकृती पाहिल्या : पेशींबाहेरील साठे आणि पेशींच्या आतील तंतूंचे गुंते. हे साठे बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे, तर गुंते टाऊ या प्रथिनाचे असल्याचे पुढे सिद्ध झाले. टाऊ मुळात उपकारक आहे. मज्जापेशीत आवश्यक द्रव्यांची वाहतूक ज्या सूक्ष्म नलिकांवरून होते, त्यांना ते आधार देते. त्यावर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर जडले, की ते नलिकांपासून सुटते आणि त्याचे गुंते होऊ लागतात.

ताणाचा संबंध येथेच येतो. अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. एकदाच दिलेल्या अल्पकाळच्या ताणाने टाऊमध्ये झालेला बदल लवकरच ओसरला. रोज ताण दिल्यावर मात्र तो टिकून राहिला आणि न विरघळणारे टाऊ साचू लागले. २०१८ मध्ये २० निरोगी माणसांच्या अभ्यासात एका रात्रीच्या जागरणानंतर मेंदूच्या काही भागांत बीटा-अमायलॉइड वाढलेले आढळले.

म्हणून प्रत्येक रातपाळीवाल्यास स्मृतिभ्रंश होईल, असे मानणे चुकीचे आहे. वय, आनुवंशिकता, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि दुर्लक्षित बहिरेपण यांचाही या आजारात वाटा असतो. तथापि एका ताणानंतर दुसरा येण्याआधी शरीराला सावरण्यास अवधी हवा, हे यातून ध्यानी येते.

पाळी ठरवणे कामगाराच्या हाती नसते. झोपेची राखण मात्र कुटुंबाच्या हाती असते. दिवसा झोपणाऱ्याच्या खोलीत जाड पडदे लावावेत, मोबाईल बाहेर ठेवावा, बँकेची वा बाजाराची कामे त्याच्या झोपेच्या वेळी सांगू नयेत. घरातील मुलांनाही ही शांतता पाळण्याची सवय लावावी. विसराळूपणा वाढत गेल्यास तो थकवाच आहे असे समजून न थांबता वैद्यकीय सल्ला घ्यावा.